आग्रह नावाचं फंक्शन

दिवाळीनंतर मी नवी बॅच घेते. पुढच्या खोलीत चार कॉम्प्युटर, खाली सतरंजी, दारात चपलांचा ढीग. पोरं आधी पडद्यावर आपापली नावं उमटवून घेतात, मग बेरजा-वजाबाक्या करतात, आणि संक्रांतीच्या सुमाराला इनपुटचा धडा येतो. नेमक्या त्याच दिवसांत रोह्याच्या बाजारात वालाच्या शेंगा येतात आणि संध्याकाळी वरसे गावातल्या उरल्यासुरल्या शेतांतून पोपटीचा, म्हणजे मडक्यात शेंगा भाजण्याचा, धूर निघतो. आता शेतं कमी आणि बिल्डिंगी जास्त, पण दोन बिल्डिंगींच्या मधल्या रिकाम्या प्लॉटवरही कोणीतरी मडकं लावतंच. धूर आला की पोरांचं लक्ष उडतं. माझंही उडतं, पण मला तसं दाखवता येत नाही.

आज सकाळी शेंगा आणल्या. निवडायला बसले आणि लक्षात आलं की हे काम एकट्यानं करायचं नाही. शेंगा निवडायला समोर माणूस लागतं, मधे सूप लागतं आणि गावातल्या कोणाबद्दल तरी बोलावं लागतं. एकटीनं निवडल्या की नुसत्या शेंगाच निवडून होतात.

दुपारी तन्वीचा, माझ्या लेकीचा, पुण्याहून फोन आला. "आई, घर बंद कर आणि इकडं ये राहायला. एक खोली रिकामीच आहे. तिकडचा क्लास इकडं घे." मी म्हटलं, "नको गं." ती म्हणाली, "बरं." मग गॅसचा नंबर लावलास का वगैरे विचारलं आणि फोन ठेवला.

बरं म्हणाली. एवढंच. मला जायचं आहे, हे इथंच सांगून टाकते, नाहीतर वाचणाराही माझ्या लेकीसारखा बरं म्हणून पान उलटायचा. यांना जाऊन चार हिवाळे झाले. घर खायला उठतं. तरी तोंडातून आधी नकोच निघालं, कारण मी जिथली आहे तिथं आधी नकोच निघतं.

माझं माहेर पेणच्या खारेपाटातलं. वडखळवरून खाडीकडं वळलं की आमचं गाव. बाबा मिठागरावर. आमच्याकडं दारात आलेल्या बाईला आई विचारायची, "जेवतेस काय गो?" ती म्हणायची, "नको गो, आत्ताच जेवलंय." हे नको कोणी ऐकतसुद्धा नसे. आईचा हात तोवर टोपावरच्या झाकणीवर गेलेला असायचा. "दोन घास खा." "नको, पोटात जागा नाय." हे दुसरं नको जरा ऐकायचं, त्यात समोरची आपल्याला किती मानते ते कळतं. मग आई म्हणायची, "बरा, कालवन तरी चाखून सांग, मीठ कमी हाय काय." झालं, बाई पाटावर. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारी बाई हावरी, आणि पहिल्या नकोवर गप्प बसणारी बाई कंजूष. हे कोणी शिकवत नाही. मी ते पोहण्यासारखं शिकले, आपोआप, खाडीत पडूनच.

तर अशी मी लग्न होऊन रोह्याला आले. कॉम्प्युटर नुकतेच गावागावांत पोचायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. हे रोह्याजवळच्या कंपनीत, पॅनेलवर. म्हणजे एका खोलीत भिंतभर दिवे आणि काटे, त्यांच्यासमोर बसून राहायचं. खालून माणूस विचारणार, पंप बंद करू? हे सांगणार, कर. एकदा विचारायचं, एकदा सांगायचं. तिथं कोणी दुसऱ्यांदा विचारलं तर काहीतरी बिघडलंय असं समजतात.

माणूस सोन्यासारखा. पण लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बाजारात बांगडीवाल्यापाशी थांबून म्हणाले, "घ्यायच्या?" मी म्हटलं, "नको." हे म्हणाले, "बरं," आणि पुढं चालायला लागले. मी तिथंच उभी. हिरव्या बांगड्यांकडं बघू की यांच्या पाठीकडं, ते कळेना. मग एका रविवारी, "पिक्चरला येतेस?" "नको." "बरं." आणि हे कूस बदलून झोपी गेले. मी साडी काढून ठेवली होती. ती परत घडी करून ठेवली.

रात्रपाळी असली की हे दिवसा झोपत. मग दिवसभर मी घरात चोरासारखी वावरायची. भांडं वाजवायचं नाही, रेडिओ लावायचा नाही, नळसुद्धा बारीक सोडायचा. शेजारच्या खोल्यांतली बिऱ्हाडं तीही शिफ्टवाली, ज्याची त्याची झोप वेगळी. चाळभर दुपारी पडदे ओढलेले. मी खिडकीत बसून समोरच्या शेतातले वाल बघायची. आधी भात कापून नुसते खुंट उरलेलं शेत, मग त्यात वालाचं हिरवं, मग पांढरी फुलं. त्या शेताइतकं मी त्या दिवसांत कुठल्याच माणसाकडं बघितलं नाही. फार एकटं वाटायचं. आणि त्याचं कारण कोणाला सांगायची सोय नव्हती. नवरा मारत नाही, पीत नाही, विचारतो, मी नको म्हणते, तो ऐकतो. यात गाऱ्हाणं काय सांगणार?

शेंगा धरल्या तेव्हा मी मनात ठरवलं होतं. पोपटीला दादा न्यायला येईल, त्याच्याबरोबर पेणला जायचं आणि परत यायचं नाही. आईला काय सांगायचं ते तिथं गेल्यावर बघू.

कॉम्प्युटरच्या क्लासला मात्र मी आपणहून गेले. सायकलच्या दुकानाच्या वर एक खोली, बाहेर हातानं रंगवलेली पाटी. मी घरी म्हटलं, "मला कॉम्प्युटर शिकायचाय." हे म्हणाले, "शीक." तेव्हा हे लक्षात यायला हवं होतं की या माणसाला सरळ सांगितलं की सरळ होतं. पण रागावलेल्या माणसाला असल्या गोष्टी दिसत नाहीत.

क्लासला आम्ही सगळ्या बायका-पोरीच होतो, दुपारची बॅच. शिकवायला मिरजेकडच्या एक मॅडम. कॉम्प्युटरना शिवलेली खोळ असायची, ती काढून घडी घालणं हा धड्याचा पहिला भाग. पडदा निळा, अक्षरं पांढरी. मराठी लिहायची सोय नव्हती, मग मराठीच इंग्रजी अक्षरांत लिहायची.

फंक्शन शिकवताना मॅडम म्हणाल्या, "एखादं काम पुन्हा पुन्हा करायचं असेल तर ते एकदाच नीट सांगून ठेवायचं आणि त्याला नाव द्यायचं. आत काहीतरी घालायचं, आतून काहीतरी बाहेर येणार." मी पटकन म्हटलं, "पोपटीचं मडकं." सगळ्या हसल्या. मॅडमना पोपटी माहीत नव्हती. मग वडखळची एक मावशी होती आमच्यात, तिनं सांगायला घेतलं. मडक्याला तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी असली तर कोंबडी, ओवा, जाडं मीठ. वरून परत पाला कोंबून मडकं उपडं घालायचं, भोवती काटक्या-पेंढा रचून पेटवायचं. मधेच उघडून बघायचं नाही. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते चुर्र होऊन लगेच सुकलं की झाली. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हो, हेच फंक्शन." वर त्यांनी मला दटावलंसुद्धा की खाण्यात जीव आहे तेवढा अभ्यासात घाल.

पहिलं फंक्शन मी लिहिलं, सगळं बिनचूक, आणि चालवलं तर पडदा कोरा. काहीच होईना. मी परत परत चालवते आहे. मॅडम मागं येऊन म्हणाल्या, "काय करायचं ते तू सांगून ठेवलंस. पण 'आता कर' असं कुठं म्हटलंस?" खरंच, खाली त्याचं नाव घेऊन त्याला बोलावलंच नव्हतं. ते बिचारं आत तयार बसलेलं. मला त्याची दया आली आणि जरा स्वतःचीही आली.

मग इनपुट. पडद्यावर प्रश्न येतो, प्रश्नचिन्ह येतं आणि त्याच्यापुढं एक बारीक रेघ लुकलुकत राहते. बाकी सगळं थांबतं. तुम्ही उत्तर दिल्याशिवाय ते पुढं जात नाही. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मुद्दाम काहीच दाबलं नाही. नुसती बसून राहिले. एवढ्या महिन्यांत माझ्या उत्तरासाठी कोणी थांबलं नव्हतं. मला रडू आलं, आणि खोळीच्या टोकानं डोळे पुसले.

मॅडमनी सगळ्यांना एकच गणित घातलं. चहा हवा का, विचारा. हो आलं तर 'चहा आणते' छापा, नको आलं तर 'बरं' छापून थांबा. झाल्यावर एकमेकींचे प्रोग्राम चालवून बघा. आणि गंमत अशी झाली की खोलीतल्या झाडून सगळ्या बायकांनी एन, ए, के, ओ, नको, असंच टाइप केलं. कोणाला चहा नको होता म्हणून नाही, उलट दुपारची वेळ, चहा सगळ्यांनाच हवा होता. पण पहिल्या फटक्यात हो कसं म्हणायचं? सगळ्या पडद्यांवर एकदम 'बरं' आलं आणि प्रोग्राम संपले. वडखळची मावशी पडद्याकडं बघत म्हणाली, "काय माणूसघाणी मशीन हाय गो." मॅडम समजावत राहिल्या की समोरच्यानं दिलेलं उत्तर खरं धरायचं असतं. मी म्हटलं, "मॅडम, नको हे उत्तर नाय. ती सुरुवात हाय."

मग मी माझा प्रोग्राम बदलला. एक फंक्शन केलं, त्याचं नाव आग्रह. त्याला एक प्रश्न द्यायचा, ते तो प्रश्न विचारणार, थांबणार आणि उत्तर आणून देणार. काम एकच, फक्त प्रश्न दर वेळी वेगळा. आधी 'चहा घेणार?' नको आलं तर परत आग्रहाला बोलवायचं, 'अर्धा कप तरी?' तरी नको, तर 'घोटभर?' तिसरं नको खरं मानायचं. मॅडम म्हणाल्या, असला प्रोग्राम कुठल्या पुस्तकात नाही. पण चालतो आहे, तेव्हा राहू दे.

दादा न्यायला यायच्या आदल्या दिवशी हे क्लासवर आले, घराची किल्ली द्यायला. दुपारपाळीला निघाले होते. मॅडम भलत्या उत्साही, त्यांनी यांना धरून माझ्याच कॉम्प्युटरपुढं बसवलं. बघा म्हणाल्या बायको काय शिकली. यांनी चष्मा पुसला. प्रश्न आला, 'चहा घेणार?' हे नुकतेच पिऊन आलेले, यांनी एकेक अक्षर शोधून नको लिहिलं. 'अर्धा कप तरी?' यांनी माझ्याकडं बघितलं, परत नको. 'घोटभर?'

"बिघडलंय काय हे?" हे म्हणाले. "मी नको लिहिलं ना."

"बिघडलं नाय," मी म्हटलं. "आमच्याकडं असंच विचारतात. पहिलं नको धरत नाहीत."

हे तिसरं नको न लिहिताच उठले. मी जिना उतरून सायकलपर्यंत सोडायला गेले. कुलूप काढता काढता हे म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी बांगड्यांना नको म्हणालीस..."

"ते पहिलं होतं."

"आणि पिक्चरला?"

"तेपण."

हे सायकलची घंटी बोटानं पुसत राहिले. मग म्हणाले, "मी वसतिगृहात वाढलो. आई लहानपणीच गेली. तिथं पंगतीत एकदाच वाढतात. नको म्हटलं की वाढपी पुढं जातो, मागं वळत नाही. एकदोनदा उपाशी उठलो, मग कळलं. नको म्हणायचंच नाही. ज्याला खरंच नको असतं तोच नको म्हणतो, असं मला वाटायचं."

एवढं बोलून हे शिफ्टला गेले. मी तिथंच दुकानाच्या पायरीवर बसले. मला वाटत होतं त्या घरात मी एकटीच एकटी आहे.

तरी दुसऱ्या दिवशी मी दादाबरोबर गेले. बांधलेली पिशवी सोडायला मन होईना. मानही आडवा येत होता. हे दारात उभे राहून म्हणाले, "परत येशील ना?" मी म्हटलं, "नाय." दादाला वाटलं थट्टा. यांना थट्टा कळत नाही हे मला माहीत होतं. हे बरंसुद्धा म्हणाले नाहीत. नागोठण्यापर्यंत मी बसच्या खिडकीतून बाहेर बघत होते आणि मला काहीही दिसत नव्हतं.

पोपटी होती त्या संध्याकाळी बांधाच्या खालच्या शेतात सगळे जमले होते. खाडीवरून गार वारा, पलीकडं मिठाच्या पांढऱ्या राशी. मडकं पेटलेलं. आणि त्या धुरातून हे चालत आले. कंपनीच्या कपड्यांत, शिफ्ट सुटल्यावर तशीच बस धरून. कोणी बोलावलं नव्हतं. आईची धांदल उडाली, जावई असे अवचित. पाला बाजूला करून वाफाळलेल्या शेंगा केळीच्या पानावर ओतल्या, आणि तिनं यांना विचारलं, "पोपटी खाता ना?"

हे म्हणाले, "नको."

मी चमकून बघितलं. हे आईकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. ओठ घट्ट मिटलेले. आईला यातलं काय ठाऊक? ती आपली नेहमीसारखी म्हणाली, "असा कसा, थोडा तरी खा." यांनी श्वास सोडला. परत म्हणाले, "नको." आई म्हणाली, "मीठ बरोबर हाय का तेवढा सांगा." तेव्हा हे बांधावर बसले आणि पानभर शेंगा खाल्ल्या. नंतर मला म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा भूक असताना नको म्हणून बघितलं. वाढपी पुढं गेला असता तर?"

मग तिथंच, शेंगांनी चिकट झालेल्या हातांनी, विचारलं, "घरी येतेस?"

"नको."

"येतेस?"

"नको."

"मी सकाळीच भात लावून निघालोय," हे म्हणाले. "येतेस?"

तो भात दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा आंबला होता. तो टाकून मी नवा लावला.

त्यानंतर जन्मभर या माणसानं प्रत्येक गोष्ट तीनदा विचारली. अगदी मोजून, फंक्शनसारखी. साडी तीनदा, सिनेमा तीनदा, ताटात मीठ वाढू का हेसुद्धा तीनदा. मी चिडायची, "अहो, मिठाचं नको खरं असतं!" हे म्हणायचे, "मला कसं कळणार? तुझं तू सांग." पण मी नाही सांगितलं. विचारून घ्यायला मला आवडायचं. बांगड्यांचा डबा भरला.

शेवटी दवाखान्यात मी चमच्यात पेज घेऊन विचारलं, "घेता?" हे म्हणाले, "नको." मी म्हटलं, "अर्धा चमचा?" मान हलली, नको. "घोटभर?" यांनी डोळे उघडले, मला वाटतं हसले, आणि नको म्हणाले. तिसरं होतं. मी चमचा खाली ठेवला.

आता मला कोण विचारतं? विचारतात, तसं नाही. मघाशीच समोरच्या प्लॉटवरून हाक आली, "काकू, या पोपटी खायला." मी गॅलरीतून म्हटलं, "नको रे बाळांनो." त्यांनी हात हलवला आणि परत मडक्याभोवती जाऊन बसले. चांगली पोरं आहेत. त्यांच्याकडं आता एकदाच विचारतात. तन्वी तर यांचीच लेक. तीनदा विचारायचं हे आपल्या बाबांचं खूळ आहे, असं तिला लहानपणापासून वाटतं. ते कुठून आलं, हे मी तिला कधी सांगितलंच नाही.

काल क्लासात एका पोरीनं विचारलं होतं, "काकू, कोणी काहीच टाइप केलं नाही तर प्रोग्राम किती वेळ थांबतो?" मी म्हटलं, "कायमचा. त्याला दुसरं काही येत नाही." ती म्हणाली, "मग आपणच काहीतरी दाबायला पाहिजे."

शेंगा निवडून झाल्या. फोन अजून मांडीवरच आहे. यांचं एक म्हणणं मी आयुष्यभर ऐकलं नाही, तुझं तू सांग. मी तन्वीचा नंबर लावला. तिनं पहिल्याच घंटीला उचलला.

"काय गं आई? काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "मघाशी मी नको म्हटलं ना, ते पहिलं होतं."